मादाम क्युरींची वही आणि गेटवर राहिलेली डायरी

रक्तदाब दाखवायला येणाऱ्या एक ताई मागच्या महिन्यात तपासणी झाल्यावरही खुर्चीवरून उठेनात. त्यांचे यजमान एका अणुवीज केंद्रात कंत्राटी फिटर आहेत. आदल्या दिवशी काम संपवून बाहेर पडताना यंत्राने त्यांना सोडले, पण खिशातली छोटी डायरी सोडली नाही. ती तिथेच ठेवून घेतली गेली. ताईंनी रात्रभर झोप घेतली नव्हती. नवऱ्याला जवळ येऊ द्यायचे का, मुलीला मांडीवर बसू द्यायचे का, त्यांचे कपडे वेगळे धुवायचे का, असे एकामागून एक प्रश्न होते. डायरी अडकली म्हणजे माणूसही बाधित झाला असणार, हा त्यांचा सरळ हिशोब.

तो हिशोब चुकीचा का, हे त्यांना समजावताना मला मादाम क्युरींची गोष्ट सांगावी लागली. तुमच्याही घरातले कुणी अशा ठिकाणी काम करत असेल तर ती तुम्हालाही उपयोगी पडेल. शाळेच्या पुस्तकात त्यांचे दोन नोबेल आणि रेडियम एवढेच असते. त्यांच्या वहीचे काय झाले, ते तिथे नसते.

आधी एक फरक पक्का करून घ्या. किरणांच्या समोर येणे ही एक गोष्ट, आणि किरण सोडणारा कण अंगाला किंवा वस्तूला चिकटणे ही दुसरी. बॅटरीचा उजेड अंगावर पडला की बॅटरी बंद करताच उजेड संपतो, अंगावर काही उरत नाही. छातीचा एक्स-रे तसाच. पण हळद कांडताना बोटांना लागली, तर ती पदराला, दाराच्या कडीला, पाण्याच्या तांब्याला लागत जाते. या दुसऱ्या प्रकाराला किरणोत्सर्गी दूषण म्हणतात. गेटवरची तपासणी याच हळदीसाठी असते. फरक इतकाच की ही हळद डोळ्यांना दिसत नाही.

आता मारिया स्क्लोडोव्स्काकडे वळू. जन्म ७ नोव्हेंबर १८६७, वॉर्सा. पोलंडवर तेव्हा रशियाची सत्ता होती आणि मुलींना तिथल्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. आई क्षयाने गेली तेव्हा मारिया दहा वर्षांची होती. थोरली बहीण त्याआधीच टायफसने गेली होती. दुसऱ्या बहिणीला, ब्रोन्याला, पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचे होते. दोघींनी ठरवले की मारियाने परक्यांच्या घरी मुलांना शिकवून पैसे पाठवायचे आणि ब्रोन्या डॉक्टर झाली की तिने मारियाला बोलावून घ्यायचे. तसेच झाले. १८९१ मध्ये मारिया पॅरिसला पोचली, १८९३ मध्ये भौतिकशास्त्राची आणि पुढच्या वर्षी गणिताची पदवी घेतली. १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झाले आणि ती मारी क्युरी झाली.

पुढच्याच वर्षी आंरी बेकरेल यांना आढळले की युरेनियमच्या क्षारातून आपोआप कसले तरी किरण निघतात. मारींनी डॉक्टरेटसाठी हा विषय घेतला. इथे त्यांच्या यंत्राकडे नीट लक्ष द्या, कारण आजच्या गेटवरची काही यंत्रे त्याच्याच कुळातली आहेत. हवेतून वीज सहसा वाहत नाही. पण हे किरण हवेतून गेले की तिच्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह वाहू लागतो. पिएर आणि त्यांच्या भावाने स्फटिकाच्या साहाय्याने असा बारीक प्रवाह मोजण्याची युक्ती आधीच काढली होती. मारींनी ती वापरून एकेक खनिज मोजायला घेतले. प्रवाह जितका जास्त, तितके किरण जास्त. पिचब्लेंड नावाचे खनिज तर शुद्ध युरेनियमपेक्षाही जास्त आकडा दाखवू लागले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी दडलेले होते. १८९८ च्या जुलैमध्ये त्यांनी पोलोनियम जाहीर केले आणि डिसेंबरमध्ये रेडियम.

जाहीर करणे वेगळे आणि हातात धरून दाखवणे वेगळे. रसायनशास्त्रज्ञांना पदार्थ हवा होता. त्यासाठी बोहेमियातल्या खाणीतून पिचब्लेंडचा उरलेला चोथा टनांनी मागवला गेला आणि काम सुरू झाले ते एका गळक्या शेडमध्ये. ही शेड आधी वैद्यकीय विद्यार्थ्यांचे शवविच्छेदनाचे ठिकाण होती. डॉक्टर मंडळींनीही ती सोडून दिली होती, यावरून तिची अवस्था ओळखा. जवळपास स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्याने मारी उकळती रसायने ढवळत. काम अर्ध्यावर सोडायला नको म्हणून कधीकधी जेवणही तिथेच शिजे. रात्री नवराबायको पुन्हा शेडवर जात आणि अंधारात मंद चमकणाऱ्या नळ्या पाहत उभे राहत. १९०२ पर्यंत त्या सगळ्या ढिगाऱ्यातून एक दशांश ग्रॅम रेडियमचा क्षार हाती आला.

टनावारी माती आणि शेवटी चिमूटभरही नाही एवढा पदार्थ. मधला प्रत्येक टप्पा उकळण्याचा, गाळण्याचा, सुकवण्याचा, भांडी बदलण्याचा. प्रत्येक वेळी थोडे उडणार, थोडे सांडणार, थोडे बोटाला लागणार. त्याच बोटांनी पेन धरायचे, वहीचे पान उलटायचे, भाकरी मोडायची. आज एखाद्या केंद्रात आतल्या भागात खाणे, पिणे, तंबाखू मळणे यावर इतकी कडक बंदी का असते, हे या शेडकडे पाहिले की कळते. अंगावरचा कण धुता येतो, पोटात गेलेला सहज धुता येत नाही. त्यातही रेडियमची खोडी अशी की शरीर त्याला कॅल्शियम समजते आणि हाडात नेऊन ठेवते.

तुम्हाला वाटेल, बिचाऱ्यांना दूषणाची कल्पनाच नव्हती. मलाही वर्षानुवर्षे असेच वाटत होते. पण ते खरे नाही. १९०३ मध्ये मारींनी सादर केलेल्या प्रबंधात ही गोष्ट स्वच्छ नोंदवलेली आहे. जोरदार किरणोत्सर्गी पदार्थांवर काम केले की प्रयोगशाळेतली भांडी, धूळ, खोलीतली हवा, अंगावरचे कपडे, सगळे काही किरणोत्सर्गी होते, हे त्यांनी मोजले होते. त्यांच्याकडे ते मोजणारे त्या काळातले जगातले उत्तम यंत्र होते. आणि त्यांची तक्रार काय होती? खोलीतल्या हवेतूनच वीज वाहू लागल्यामुळे एकही उपकरण धड काम करत नाही, ही. दूषण त्यांना दिसत होते, पण ते यंत्राला होणारा त्रास म्हणून. तेच कपडे घालून आपण घरी जातो आणि घरी इरीन नावाची लहान मुलगी आहे, याकडे त्या मोजमापाचा काटा वळला नाही.

डॉक्टर म्हणून मला या गोष्टीची सगळ्यात जास्त टोचणी लागते. आकडा हातात असतो आणि आपण तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचतो. दवाखान्यात हे रोज घडते. साखरेचा रिपोर्ट विमा कंपनीसाठी काढलेला असतो आणि तो कुणीही तब्येतीसाठी वाचत नाही.

त्यांची बाजूही समजून घ्या. किरणांनी कातडी भाजते हे माहीत झाले होते. बेकरेल यांनी रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवली आणि त्या जागी पोटाची कातडी भाजली. पिएर यांनी मुद्दाम स्वतःच्या दंडावर नमुना बांधून जखम करून घेतली आणि ती कशी बदलत जाते ते टिपले. मारींची बोटे टोकाशी कडक होऊन सोलली जात. पण या जखमा भरून येत होत्या. त्यातून उलट आशाच निर्माण झाली की निरोगी कातडी जळते तशी रोगट गाठही जळेल. कर्करोगावर रेडियमचे उपचार याच निरीक्षणातून सुरू झाले आणि आजची रेडिओथेरपी ही त्याच घराण्यातली आहे. भाजणे दिसत होते. वीस वर्षांनी रक्त बनवणाऱ्या मज्जेचे काय होईल, हे पाहायला वीस वर्षे जावीच लागणार होती.

१९०३ च्या जूनमध्ये पिएर यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले. बोटे इतकी दुखावलेली होती की कपडे घालणेही अवघड जाई. प्रयोग दाखवताना थोडेसे रेडियम तिथे सांडले. सुमारे पन्नास वर्षांनी त्या सभागृहात ते अजूनही मोजता येत होते आणि जागा साफ करावी लागली. एका संध्याकाळचे व्याख्यान, आणि डाग अर्धशतक टिकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मारींचा गर्भपात झाला आणि वर्षअखेरीस दोघांना बेकरेल यांच्याबरोबर नोबेल मिळाले. गर्भपाताचे कारण किरणच, असे म्हणणे एवढ्या माहितीवर योग्य होणार नाही. आज मात्र गरोदर स्त्री अशा कामावर असेल तर तिने ते लगेच कळवायचे असते आणि तिच्यासाठी मर्यादा वेगळ्या, कडक असतात.

१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या रस्त्यावर पावसात घोडागाडीखाली सापडून पिएर गेले. वय ४६. मागे दोन मुली, इरीन आणि दीड वर्षाची एव्ह. त्यांच्या जागी मारी शिकवू लागल्या आणि सॉर्बोन विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. १९११ मध्ये रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी मोटारींवर एक्स-रे यंत्रे चढवून आघाडीवर नेली, स्वतः गाडी चालवायला शिकल्या आणि किशोरवयीन इरीनलाही सोबत घेतले. गोळी शरीरात नेमकी कुठे आहे हे शस्त्रक्रियेआधी कळू लागले. या काळात त्या एक्स-रेच्या समोर किती तास उभ्या राहिल्या असतील, ते लक्षात ठेवा. पुढे ते महत्त्वाचे ठरणार आहे.

१९२० नंतर बिले येऊ लागली. अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरणाऱ्या मुलींचे जबडे कुजू लागले. फ्रान्समध्ये १९२५ मध्ये, पूर्वी क्युरींच्या प्रयोगशाळेत शिकलेले दोन अभियंते काही दिवसांच्या अंतराने दगावले. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये लोकांच्या रक्ताची नियमित तपासणी, शिशाचे आडोसे, चिमट्याने नळी उचलणे असे नियम आले. मारींचा त्यांच्यासाठी आग्रह असे. स्वतःच्या बाबतीत त्या तितक्या काटेकोर नव्हत्या. घरातल्या कर्त्या माणसाचे असेच असते, सगळ्यांची औषधे वेळेवर देणार आणि स्वतःची गोळी विसरणार. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले आणि चार शस्त्रक्रिया झाल्या. त्या दिसण्यातल्या अडचणी शक्यतो कुणाला कळू देत नसत.

१९३४ च्या उन्हाळ्यात ताप आणि अशक्तपणा हटेना. आधी क्षयाचा संशय आला आणि त्यांना आल्प्समधल्या सॅनेटोरियममध्ये हलवले गेले. क्षय नव्हता. रक्त पाहिल्यावर मज्जेने काम सोडल्याचे दिसले. याला अप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात. शरीर नवे रक्तच बनवत नाही. ४ जुलै १९३४ रोजी त्या गेल्या, वय ६६.

यानंतरचा भाग सहसा सांगितला जात नाही. १९९५ मध्ये त्यांचे आणि पिएर यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवले गेले. तेव्हा फ्रान्सच्या किरणसुरक्षा विभागाने आधी मोजमाप घेतले. आत शिशाचे अस्तर असलेली शवपेटी होती आणि आतली पातळी भीती वाटावी इतकी निघाली नाही. त्यावरून तज्ज्ञांनी असा अंदाज मांडला की पोटात गेलेल्या रेडियमपेक्षा युद्धातल्या उघड्या एक्स-रेचा वाटा या आजारात मोठा असावा. म्हणजे जिच्या वस्तूंवर इतके कण चिकटले होते, तिच्या बाबतीतही वस्तू दूषित असणे आणि शरीराला मात्रा मिळणे हे दोन वेगळे हिशोब निघाले. ताईंना मला नेमके हेच सांगायचे होते.

आणि वही? शोधाच्या वर्षांतल्या क्युरींच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या अस्तराच्या पेट्यांत ठेवल्या आहेत. पाहायच्या असतील तर जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते. रेडियम अर्धे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात, त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांत त्यात नावापुरताच फरक पडला आहे. काचेची नळी धुता येते, स्टीलचे घड्याळ पुसता येते. कागद मात्र शोषून घेतो. बोटांवरून पानाच्या कोपऱ्यात गेलेला कण धाग्यांत बसतो आणि तिथून तो काढायचा तर पानच फाडावे लागेल.

डायरी गेटवर राहते ती याच कारणाने. आतल्या भागातून बाहेर पडताना माणूस हातापायाच्या आणि अंगाच्या यंत्रावर उभा राहतो आणि चष्मा, घड्याळ, पेन, ओळखपत्र, हत्यारे वेगळी मोजली जातात. आत जमिनीवर किंवा पाइपावर टेकवलेली वस्तू हातापेक्षा जास्त अडकते, कारण हातात मोजे असतात आणि डायरीला मोजे नसतात. कठीण पृष्ठभाग असेल तर कागदाने पुसून तो कागद मोजतात, वस्तू साफ करून पुन्हा मोजतात आणि मग देतात. चामड्याचा पट्टा, कापडी पाकीट, कागद हे साफ होत नाही, ते आतच राहते. म्हणून आत जाताना शक्य तेवढे कमी बरोबर नेणे उत्तम. लग्नाची अंगठीसुद्धा घरी ठेवली तर चालते, त्यात अशुभ काही नाही.

यंत्राने माणसालाच थांबवले तर? पहिल्यांदा घाबरू नका. हवेत नैसर्गिक रेडॉन वायू असतो आणि त्याचे कण, विशेषतः नायलॉनच्या कपड्यांना, चिकटतात. ते तास-दोन तासांत आपोआप विरतात. कातडीवर खरोखरच काही असेल तर कोमट पाणी आणि साधा साबण लावून हलक्या हाताने धुतात. खरखरीत घासणीने घासायचे नाही आणि कढत पाणी घ्यायचे नाही, कारण कातडी खरचटली की कण आत जायला वाट मिळते. हे सगळे तिथेच होते आणि काटा खाली आल्यावरच माणूस घरी येतो.

आणखी एक गोष्ट खास रुग्णांसाठी. थायरॉइडसाठी आयोडीनचे औषध घेतले असेल, हृदयाचा थॅलियम स्कॅन किंवा हाडांचा स्कॅन झाला असेल, तर तुमचे शरीरच काही काळ यंत्र वाजवते. हाडांच्या स्कॅननंतर दोन-तीन दिवस, पण आयोडीन आणि थॅलियमनंतर कित्येक आठवडेही. विमानतळावरची काही यंत्रेही वाजतात. स्कॅन झाला त्या विभागाकडून तारीख आणि औषधाचे नाव असलेले पत्र घ्या आणि कामावर आधीच सांगा.

ताईंच्या यजमानांना मी दुसऱ्या दिवशी बोलावले. बोटे पाहिली, तक्रारी विचारल्या. काही नव्हते. छातीवरच्या बॅजचा अहवाल नेहमी येतो तसा मागवून जपून ठेवा, एवढे सांगितले. रक्ताची तपासणी त्यांच्याकडे ठरावीक काळाने होतेच, म्हणून मी वेगळी लिहून दिली नाही. मुलगी तेव्हा त्यांच्या मांडीवरच बसली होती. त्यांना काळजी होती ती डायरीत लिहिलेल्या गावाकडच्या फोन नंबरांची. ते कुठेच उतरवून ठेवलेले नव्हते. केंद्रातल्या एका सहकाऱ्याने पाने लांबूनच वाचून नंबर दुसऱ्या कागदावर उतरवून द्यायचे कबूल केले आहे, असे ते म्हणाले.